करंटवर मासे

आमच्या घरी करंट जातो, करंट येतो. पुण्याचे नातेवाईक हसतात. त्यांच्याकडे लाईट जाते. हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांत वीज म्हणजे करंट, दिवा म्हणजे करंट, पंख्याची हवासुद्धा करंटची. या शब्दाने एका माणसाचं पोट मारलं आणि तो शब्द माझ्या हातून गेला, म्हणून हे लिहिते.

कुकटपल्लीच्या पलीकडे एक तलाव आहे. काठावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि तिथल्या रहिवाशांना अचानक मासेमारांचा वास यायला लागला. तलाव आमचा, म्हणाले. फिरायला रस्ता हवा, पायडलच्या बोटी हव्यात, जाळी नकोत. दिवसा जाळं टाकायला बंदी झाली. आमच्या गटाने मासेमारांची बाजू घेतली आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ते येतं. विद्यापीठापासून तेच करत आले होते.

ज्यांच्याविषयी लिहायचं ते बघून लिही, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मी एकदा त्या मासेमारांतल्या अन्नाबरोबर नावेत बसले. पन्नाशीचा माणूस, तेलुगू घरातला, माझ्याशी दखनी बोलायचा आणि मला अम्मा म्हणायचा. दिवस बंद झाल्यावर त्याने रात्र धरली होती. नावेच्या छोट्या मोटरची बारा व्होल्टची बॅटरी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेली, खाली जुन्या टायरचा तुकडा. तिच्यावरून दोन वायरी काढून पारदर्शक नळीत भरलेल्या दिव्यांच्या पट्ट्या त्याने कडेला टांगल्या होत्या. फ्यूज बॅटरीला लागूनच, कारण लांब बसवला तर मधली वायर जळते, हे तो एकदा हात भाजून शिकला होता. उजेडावर किडे येतात, किड्यांवर बारीक मासे, बारीक माशांमागे मोठे. बास, एवढंच. बॅटरीला लावलेल्या मीटरचा आकडा उतरू लागला की तो एक पट्टी बंद करायचा, थोड्या वेळाने दुसरी. परत यायला मोटर लागते ना. उरलेल्या काळोखात तो नुसता बसून राहायचा. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाला, दिवसा या लोकांची तोंडं बघण्यापेक्षा बरं.

त्या दिव्यांना तो नेहमी ‘लैट’ म्हणायचा. मी दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं, हिंदीत, पण डोक्यात घरची मराठी. ‘ये लोग रात को करंट पे मछली पकड़ के जी रहे हैं.’ मला वाटलं, काय वाक्य आहे! अंधार, कष्ट, सगळं त्यात आलं. त्याचं तेलुगू भाषांतर करणाऱ्या मैत्रिणीने शब्द तसाच ठेवला. आम्ही ते पत्रक सगळ्या इमारतींत वाटलं.

मासेमारीत करंट म्हणजे पाण्यात वीज सोडणं. पिल्लांसकट सगळं मारून वर तरंगवणं. गुन्हा आहे तो. काठावरच्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आठवड्याच्या आत मत्स्य खात्याची माणसं आली. बॅटरी, पट्ट्या, वायरी, सगळं उचलून नेलं आणि चौकशी होईपर्यंत परवाना थांबवला. तक्रारीला पुरावा म्हणून आमचंच पत्रक जोडलेलं होतं, त्या ओळीखाली लाल रेघ.

मी तणतणत ऑफिसात गेले. नुसत्या बारा व्होल्टच्या बॅटरीने मासे मरत नाहीत, हे साहेबाला समजावलं. जप्त केलेलं सामान बघा, दिव्यांशिवाय काय आहे त्यात? त्याने शांतपणे पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि हिंदीत म्हणाला,

“मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग तसंच लिहून द्या, चुकलं म्हणून. महिनाअखेर परवान्यांची यादी बंद होते.”

अन्ना दाराजवळ उभा होता.

लिहून द्यायला पाच मिनिटं लागली असती. मी गटात विचारलं. आमचे ज्येष्ठ तारनाक्याचे, निवृत्त वकील, त्यांना सगळे सर म्हणतात. सर म्हणाले, “अगं पोरी, हे एक पत्रक चुकलं म्हणालीस की उद्या सगळीच चुकली. त्या इमारतवाल्यांना तेवढंच हवंय.” अन्नासाठी आपण अर्ज करू, शिष्टमंडळ नेऊ, असं ठरलं. मी मान डोलावली. एका माणसापेक्षा तलाव मोठा, असं तेव्हा मला खरंच पटलं. कदाचित आपलं चुकलं हे छापील कागदावर बघायचं नव्हतं, तेही असेल. त्या दिवसांत मी आणखी दोन पत्रकं लिहिली. चांगली होती.

शिष्टमंडळाला वेळ मिळाली नाही. अन्नाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, होतंय अन्ना, होतंय. शेवटी मी एकटीच गेले. चूक माझी, शब्द माझा, हा माणूस दिव्यावर मासे धरतो, असं लिहून सही केली. कारकुनाने शिक्का मारला आणि पोच दिली. यादी आदल्या दिवशी वर गेली होती, त्यातून अन्नाचं नाव कटलं होतं. आता पुढच्या वर्षी.

ती पोच घेऊन मी अन्नाच्या घरी गेले. त्याने कागद उलटसुलट बघितला, त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला, त्याच्या भाषेत जमेल तसा. बायको आतून पाणी घेऊन आली आणि ते ठेवून परत गेली. नाव विकायला काढलीय, तो म्हणाला. पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतं.

मी म्हटलं, आपण लढू. पुन्हा लिहू, या वेळी नीट लिहू.

“नक्को अम्मा,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “लड़ो तुम. मेरे बारे में कुछ नक्को लिखो.”

मी हो म्हटलं. आज तो शब्दही मोडते आहे. मराठीत लिहिते, कारण त्या ऑफिसात मराठी कुणी वाचत नाही.