फैजपूरचा पेशंट

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मी मधूला तीन हाका मारल्या. तो वळला नाही. ‘मोठा डॉक्टर झालाय, मास्तराची हाक कशाला ऐकेल!’ असं पुटपुटत मी जळगावच्या गाडीत बसलो. दोन महिन्यांनी तार आली... मधू गेला.

अमळनेरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. तो डॉक्टर झाला, मी जळगावला गणित शिकवू लागलो. सहासष्टच्या थंडीत तो एक कागद घेऊन माझ्याकडे आला. स्ट्रेप्टोमायसिनचं एकच इंजेक्शन दिल्यावर दर काही तासांनी रक्तात किती औषध उरलं, त्याचे आकडे होते. ‘फैजपूरचा शेतकरी आहे. क्षय, त्यात मूत्रपिंडं अधू. औषध साचलं तर कान जातील. किती दिवसांनी टोचायचं ते सांग, मास्तर.’ मी आलेख काढला, तो बटरपेपरवर गिरवला, आणि पुढच्या प्रत्येक इंजेक्शनासाठी सरकवत उंचीची बेरीज करत गेलो. रोज दिलं तर पाचव्या दिवशी धोक्याची रेघ ओलांडत होती. दर तिसऱ्या दिवशी दिलं तर खाली राहत होती. ‘पण हे एका इंजेक्शनावरून मांडलंय हं,’ मी बजावलं. ‘शरीर पुढेही असंच वागेल हे धरून. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपास.’ महिन्याने मी पोस्टकार्ड टाकून विचारलं, तर आमच्या खान्देशीत एका ओळीचं उत्तर: ‘बठ्ठं बराबर शे.’ सगळं बरोबर आहे म्हणे; मी काय खूश! वर्गात हेच उदाहरण वर्षानुवर्षं मिरवलं.

पुढे तो भेटायचं टाळू लागला. भेटलाच तर माझ्या तोंडाकडे एकटक बघायचा, भलतंच उत्तर द्यायचा. ‘भैताडा, लक्ष कुठे आहे?’ मी खेकसायचो. तो हसायचा.

तेराव्याला वहिनींनी फाइल हातात ठेवली. रक्ताच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर नाव मधूचं. फैजपूरचा शेतकरी नव्हताच! पंधराव्या दिवसाची चिठ्ठी नव्हती. महिन्यानंतरची होती, आणि तिच्यात औषध उतरतच नव्हतं. ‘तोवर कान गेले होते, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘ओठ बघून बोलायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. म्हणायचे, मास्तर स्वतःला दोष देत बसेल.’

आता काय करतोय मी, मधू? फसवलंस मला. तूच आहेस हे कळतं, तर पंधराव्या दिवशी मानगूट धरून तुझं रक्त काढवलं असतं. माझ्या गणितावर विश्वास टाकलास, माझ्यावर नाही टाकलास.

तो बटरपेपर माझ्या टेबलावर आहे. परवा आवरताना हिने विचारलं, ‘टाकू का?’ उगाच ओरडलो तिच्यावर. त्यावरची रेघ बघतो आणि स्टँड आठवतो. त्याची पाठ होती माझ्याकडे... दहा पावलं चालून खांद्यावर हात ठेवायचा होता फक्त.