काटा कुठी गेला?

“दिवे लाव. सांग, काटा कुठी गेला?”

अड्ड्यावरच्या कोणत्याही मोटारीच्या स्टिअरिंगपुढच्या फळीखाली मान घालून आमचे मिस्त्री मला विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत त्यांचा बाहेर राहिलेला पाय नुसता हलत असायचा. उत्तर दिलं की उठायचे, दोन पावलं जायचे, परत यायचे. “थांब ना बापू, एक डाव अजून लाव.” अमरावतीच्या मोटार अड्ड्यावर एवढा अस्वस्थ माणूस दुसरा नव्हता. चहासुद्धा कपबशी हातात धरून गाड्यांभोवती फेऱ्या मारत प्यायचे. मला तर बघूनच दम लागायचा.

राज्य इंग्रजांचं, वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून, आणि मी अमरावती-धारणी सर्व्हिस मोटार चालवायचो. मेळघाटात दिवस मावळला की सगळा जीव दिव्यांवर. बॅटरी संपत आली हे घाटात दिवे पिवळे पडले की कळायचं, आणि तेव्हा कळून काय करता, डोंबल! म्हणून अड्ड्यावरच्या दुसऱ्या गाड्यांत होतं तसं मीटर मालकानं मोडीतल्या एका लॉरीचं आणलं. घड्याळाएवढी तबकडी, मधे काटा. उजवीकडे गेला तर बॅटरी भरतेय, डावीकडे गेला तर रिकामी होतेय. ते आमच्या गाडीत बसवायचं काम अर्थात मिस्त्रींचं.

मिस्त्री नांदगाव खंडेश्वरचे, फुलं पिकवणाऱ्या माळ्यांच्या घरातले. वायरींना हार गुंफायच्या दोऱ्याच्या गाठी मारायचे. बॅटरीकडच्या वायरीला एक, दिव्यांकडच्या वायरीला दोन.

“मामा, गाडीचं लगन हाये काय?” मी एकदा विचारलं.

“तुले काय करा लागते? तू गाडी चालव.”

पुढे माझ्या लक्षात आलं. त्यांना लाल वायर आणि काळी वायर वेगळी दिसतच नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गाठी होत्या त्या बोटांसाठी. मी कोणाला बोललो नाही, पण मालकाला कुणकुण लागलीच.

मीटर बसवायच्या दिवशी मालक छत्री टेकून माझ्याशेजारी उभा राहिला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “आज चुकला, तर उद्यापासून मिस्त्री बंद. घाटात माणसं मारायची नाहीत मला.”

फळीखाली मिस्त्रींचे हात क्षणभर थांबले. मीटरच्या पाठीमागे वायरी जोडायच्या दोन खुंट्या होत्या, आणि कोणती कुठली हे सांगणाऱ्या खुणा तिळाएवढ्या. गाठी वायरींना होत्या, खुंट्यांना कुठून असणार?

“दिवे लाव. सांग, काटा कुठी गेला?”

इंजिन बंद होतं. दिवे लावले की काटा डावीकडे जायला हवा. तो गेला उजवीकडे. वायरी उलट्या लागल्या होत्या! बदलायला दोन मिनिटं पुरली असती, पण मालक खांद्याशी उभा. त्याला तबकडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते माझं बोलणं.

“डावीकडं!” मी म्हणालो.

मिस्त्री बाहेर आले. त्या दिवशी ‘एक डाव अजून’ म्हणाले नाहीत. पाना पुसला, फडक्यात गुंडाळला. मला वाटलं, वाचवलं बुवा म्हाताऱ्याला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. काम सोडून गावी गेले म्हणे. मला असा राग आला! एवढं खोटं बोललो ते कोणासाठी? वायरी मला स्वतःलाही बदलता आल्या असत्या. पण ते परत येतील, आपल्या हातानं नीट करतील, अशी वेडी आशा होती. नव्या मिस्त्रीला मी फळीखाली हात घालू दिला नाही. वर्षभर उलटा काटा वाचत धारणी गाठली. डावीकडे गेला की निवांत, उजवीकडे गेला की दिवे पिवळे पडायच्या आत गाव गाठायची घाई.

मग एका लग्नाची मंडळी घेऊन नांदगावला गेलो. इंजिनाचा आवाज ओळखून मिस्त्री झेंडूच्या वाफ्यातून आले. हाताला माती. दार चाचपत आत शिरले आणि फळीखाली मान घातली.

“दिवे लाव. काटा कुठी गेला?”

“उजवीकडं,” मी म्हणालो.

“अन् त्या दिवशी?”

“उजवीकडंच, मामा.”

“मले मालूम होतं. इतक्या जोरानं तू कधी सांगतलं नव्हतं.”

“मंग बोलले काहून नाई? काम सोडून आले!”

फळीखालून आवाज आला, “डोये तं कवाचेच गेले होते बापू. तुह्या सांगन्यावर काम करून राह्यलो होतो. तूच खोटं सांगतलं, मंग मी कोनाले विचारू?”

मला रडू फुटलं. मंडळी बघत होती, बघू देत.

त्यांनी गाठी चाचपल्या, वायरी बदलल्या. “लाव.” बाहेर राहिलेला पाय हलायला लागला.

“डावीकडं,” मी हळूच म्हणालो, आणि तो थांबला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मिस्त्री वारले.

पुढे ती गाडी होती तोवर रोज निघताना मी इंजिन बंद ठेवून दिवे लावायचो आणि तोंडानं सांगायचो, “डावीकडं, मामा.” उतारू हसायचे. एकदा काटा जागचा हललाच नाही; म्हणजे बॅटरीतून दिव्यांकडे काहीच जात नव्हतं. गाडी गच्च भरलेली, मालक निघायची घाई करत होता.

“हलला नाई, मामा,” मी म्हणालो, आणि सगळ्यांना खाली उतरवलं.