गुंगीच्या औषधाची किल्ली

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सगळे फुंकरकाका म्हणत. सुई टोचली की तिथे चोळायचं आणि हलकेच फुंकर घालायची, ही त्यांची तीस वर्षांची खोड. मग समोर घोडा असो, बैल असो की चावरं कुत्रं. डॉक्टरीणबाई हसायच्या, "काका, याला शास्त्रात आधार नाही हं." काका म्हणायचे, "घोड्याने कुठे तक्रार केलीय?"

दुसरी खोड काटकसरीची. मोठ्या जनावराला गुंगी आणायचं औषध बाटलीच्या तळाशी उरलं, तर ते टाकवत नसे. पुन्हा लागेल म्हणून खिशात ठेवत, आणि कधीकधी सदरा तसाच घरच्या खुंटीवर जाई. तिथूनच लेकाने पहिली बाटली उचलली. माणसं त्या औषधाची नशा करतात हे काकांना कळलं, तोवर पोराचा हात जखमांनी सडायला लागला होता. विष आपणच घरात आणलं, हे काकांना दिवसरात्र खात राहिलं.

उपचार घेऊन पोरगा घरी आला, त्याच महिन्यात कायदा आला. औषध कुलपात ठेवायचं, थेंबाथेंबाची नोंद करायची, उरलेलं साक्षीदारासमोर नष्ट करायचं, किल्ली एका जबाबदार माणसाकडे. बाईंनी ती काकांच्या हातावर ठेवली. "तुमच्याइतकं भरवशाचं दुसरं कोण आहे?" पोराचं प्रकरण काकांनी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. नोकरी जाईल या भीतीने ते आताही गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी ते लेकाची पट्टी बदलायला बसले. जखम धुतली, मलम लावलं, फुंकर घालायला वाकले तर खिशातून किल्ली खाली पडली. पोराने ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

"त्या कपाटाची?"

"हं."

"बाबा, ही घरी आणू नका."

"अरे, माझा भरवसा आहे तुझ्यावर."

"माझा नाहीये अजून."

काकांना रडू आवरेना. लेक इतकं खरं आजवर कधी बोलला नव्हता.

सकाळी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. बाई ती स्वतःच्या पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "औषध मी काढून देईन, उरलेलं आपण दोघं मिळून ओतू. सुई मात्र तुम्हीच टोचायची. चला, घोडा खोळंबलाय."

त्या संध्याकाळी घरात शिरताच काकांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. कुणी विचारलं नव्हतं. पोराने ते बघितलं, आणि पट्टीसाठी हात पुढे केला.