लाल गोटा

रामटेकजवळच्या खदानीत मी आणि माझा मोठा भाऊ ड्रिल चालवायचो. बोगदा पुढे सरकायचा तो वीत वीत. दगडात भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा आणि सगळी धूळ आपल्याच छातीत भरून घ्यायची. धुळीवर मारायला पाण्याचा नळ होता, पण तो बहुतेक कोरडाच. दादाला आधी खोकला लागला, मग धाप. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला धुळीतून बाहेर काढा, दुसरं औषध नाही. पण खदान सोडून आम्हाला येत काय होतं?

अशात नागपूरच्या ऑफिसातून एक साहेब आले. त्यांनी यंत्राचा फोटो दाखवला. घराएवढं गोल तोंड, त्यावर दातांची चाकं. ते दगड खात पुढे जातं, माणूस मागे बसून नुसत्या कळा दाबतो. यंत्र आलं तर कळांवर दादाला बसवू, असं मॅनेजरनं सगळ्यांसमोर कबूल केलं. फक्त आधी दगड तपासायचा होता. बोगद्यात रोज लागतो तसा आणून द्या, साहेब म्हणाले.

ते काम मी अंगावर घेतलं. दादानं एक लाल, भुसभुशीत गोटा माझ्या पिशवीत टाकला. "हाच जास्त लागते आपल्याले," तो म्हणाला. खरंच होतं ते. पण मला लाज वाटली. उभी उमर ज्याच्याशी झुंजलो, तो दगड हातानं चुरगळतो, हे साहेबाला दाखवायचं? मी पांढऱ्या शिरांचा काळाकुळकुळीत दगड घेतला. तो महिन्यातून एखाद्या वेळी आडवा यायचा आणि ड्रिलचं टोक खाऊन टाकायचा. लाल गोटा मी नागपूरच्या स्टँडवर भिंतीकडेला ठेवून दिला.

ऑफिसात साहेबांनी काळा दगड दाबयंत्रात धरला. कितीतरी वेळ तो फुटेना. माझी छाती फुगली, मूर्खाची.

"इतक्या कठीण दगडात आजचं यंत्र टिकायचं नाही," साहेब म्हणाले. "पुढे निघतील तशी यंत्रं. नक्की निघतील."

"कधी?"

"आपल्या मुलांच्या काळात."

हा दगड रोजचा नाही, एवढंच सांगायचं होतं. ओठांवर आलंही. पण लबाडी उघडी पडेल म्हणून मी भ्यालो, आणि साहेब शेरा लिहीत असताना खाली मान घालून उभा राहिलो. त्या भेकडपणाची मला आजही किळस येते.

दादा घरापुढे वाट बघत बसला होता. मी त्याला साहेबांचा निकाल सांगितला.

"माहा लाल गोटा दाखवला का गा?"

"दाखवला."

तो हसला.

"मंग तो बी कठीणच निघाला म्हणा. मले उगाच वाटे, नरम हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला त्यानं पुन्हा ड्रिल उचललं.