पोरीचं बोलणं मी बंद केलं

बायको गेली त्या दुपारी आम्ही दोघं बिरडं सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, चिमटीत धरून साल सोडवायची. तिचे दहा सोलून व्हायचे तेव्हा माझा एक.

"अवो, दाबता काय एवढं? चेंदा होतोय," ती म्हणाली. मी हात धुवायला मोरीवर उठलो.

आम्ही मूळचे पेणकडचे, गागोद्याच्या बाजूचे. मुलगा आणि सून रोह्याला कंपनीत, दोघांच्या शिफ्टा. नातीला सांभाळायला म्हणून त्यांच्याकडे रोह्याजवळ वरशाला येऊन राहिलो. नात पाच वर्षांची, इंग्लिश शाळेत. वर्गात तोंड उघडत नव्हती. बाईंनी सांगून पाठवलं, घरी जरा सराव घ्या. मी चौथी शिकलेला. मीही कंपनीत राबलो. साहेब लोक माझ्यासमोर माझ्याबद्दलच इंग्लिशमध्ये बोलायचे आणि मी खांबासारखा उभा. नातीचं तसं होऊ नये म्हणून मी हुकूम काढला, घरात आपली भाषा बोलायची नाय. आता घरात दुसरी येत होती कोणाला? पोर माझ्यासमोर गप्प राहायला लागली. मला वाटलं, शिस्त लागली.

तेवढ्यात नात शाळेतून येऊन आजीजवळ बसली. मोरीवरून मला दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"आजी, आज ना एका पोरीच्या डब्यात मुंगळा निघाला! ती बाकावरच चढली!"

"अगो बाय! मग मुंगळ्यानं काय खाल्लंन?"

"शिरा."

"शाना हाय. त्याला तुझ्या बाई काय म्हणतात?"

"अँट."

"मग अँट चढली बाकावर का पोरगी?"

पोर खिदळली. मी आत आलो आणि म्हणालो, "इंग्लिशमध्ये सांग." तिचं तोंड मिटलं. वालांच्या पाटीत हात घालून बसून राहिली.

बायको म्हणाली, "मी जाऊन विचारलं बाईंना. त्या म्हणतात, घरी तुमच्याच बोलीत भरपूर बोला. आधी तिला सांगायला काही असू दे, इंग्लिश शब्द त्यावर बसतात. पोरीला मुकी करू नका."

मी म्हणालो, "तू शाळेची पायरी तरी चढलीस का कधी? तुला काय कळतं?"

तिनं सोललेले वाल उचलले. बिरडं शिजायला टाकून जरा आडवी झाली. चार वाजता चहाला उठवायला गेलो, तर उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं मान हलवली. मुलगा-सून कंपनीतून धावत आली, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

स्मशानातून आलो तेव्हा पोर दारात उभी होती. तिला मला काहीतरी विचारायचं होतं. तोंड उघडलंन, माझ्याकडे बघितलंन आणि मिटलंन. माझी आई मेली तेव्हा मी शंभर गोष्टी विचारल्या होत्या. या पोरीला माझ्यापुढे तेवढंही विचारता येईना. बायकोला जे बोललो ते परत घ्यायला आता ती नव्हती. पोर होती.

सकाळी मी तिला अंघोळ घातली, शाळेचा ड्रेस घातला. शेजारीण म्हणाली, "सुतक हाय घरात! आजच्या दिवशी पोरीला कुठं नेता?"

"सुतक मला हाय. पाच वर्षांच्या पोरीला काय विटाळ लागतो?" म्हणालो आणि निघालो.

रस्त्यात तिला सांगितलं, "बाय, माझं चुकलं. आजपासून आपल्या बोलीत बोल. काय विचारायचं ते विचार."

बरंच चालून झाल्यावर ती म्हणाली, "आजीला भाजलं का?"

"नाय गो. ती गेल्यावर मग नेली. तिला काय कळलं नाय."

मग एकातून एक विचारत सुटली. मला येत होती तेवढी उत्तरं दिली. काहींना म्हणालो, मला माहीत नाय.

शाळेच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या. मी म्हणालो, "हिची आजी काल गेली. हिला तुम्हाला तिचं सांगायचंय. आमच्या बोलीत सांगेल, ऐकून घ्या."

बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि पोर सांगायला लागली.