दांड्याचं माप

धुळ्यात कुदळी-फावड्यांना दांडे बसवणारे एक आबा आहेत. ते लाकूड नंतर बघतात, आधी माणूस. गिऱ्हाइकाच्या हातात काठी देऊन त्याला तीनदा हवेत घाव घालायला लावतात आणि स्वतः मात्र त्याच्या टाचांकडे बघत बसतात. टाच उचलली की दांडा चुकला, हे त्यांचं निदान.

जावयाने मला गोल्फ शिकवायचं मनावर घेतलंय. पुण्याच्या दुकानात संगणकासमोर माझं माप घेऊन त्याने मला एक लांब दांड्याची काठी घेऊन दिली. तिला ड्रायव्हर म्हणतात. तिने मारलेला चेंडू हटकून उजवीकडच्या झाडीत जातो. रविवारी जावयाच्या साहेबांसमोर खेळायचं होतं, म्हणून मी ती गुपचूप आबांकडे नेली.

मी तीन घाव घातले. आबांनी टाचा पाहिल्या आणि करवत उचलली.

"यानाघाई काय खंदतस तुम्ही?"

"खणायचं नाही, आबा. चेंडू मारायचा."

"मंग?"

"मग त्याच्यामागे चालत जायचं."

"कितलं?"

"दोन-तीन कोस होतं."

आबांनी करवत खाली ठेवली.

"मंग दांडा बराबर शे," ते म्हणाले. "चपला दखाडा."