टेरेलसाठी ठेवलेला डबा

आमच्या केंटकीतल्या गावाचा न्हावी ऑर्विल कॉलेजच्या बास्केटबॉलवर जीव टाकतो. आपल्या संघातला उंच खेळाडू टेरेल जास्त पैशांसाठी दुसऱ्या कॉलेजात जाणार, अशी कुणकुण लागली आणि त्याचा वस्तरा थरथरू लागला. गिऱ्हाइकं कान सांभाळून बसू लागली. हल्ली चाहत्यांना पैसे देऊन खेळाडू टिकवायची मुभा आहे, म्हणून ऑर्विलने कॉफीचा रिकामा डबा आरशापुढे ठेवला, त्यावर टेरेलचा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'टेरेल जाऊ नये म्हणून.' आमच्याकडे असे फोटोचे डबे फक्त अत्यवस्थ माणसांसाठी ठेवतात, हे भीतीच्या भरात तो विसरला. लोकांनी डोळे पुसत नोटा टाकल्या.

शनिवारी खुद्द टेरेल घाबराघुबरा होऊन दारात उभा.

"मिस्टर ऑर्विल, मला काय झालंय? चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली! आजी फोनवर रडतेय!"

"तुला काही नाही रे बाळा, धडधड मला होतेय. तू जाणार का, तेवढं सांग."

"माझं ठरतच होतं, तुम्ही तर मला पोचवूनच मोकळे झालात!" टेरेलने डब्याकडे पाहिलं. "तिकडे पैसे जास्त आहेत, पण माझ्यासाठी मी जिवंत असतानाच रडणारं गाव कुठे मिळणार? राहतो मी. कापा केस."

ऑर्विलने आनंदाने वस्तरा उचलला. हात अजून थरथरतच होता. टेरेलने मुकाट्याने दोन्ही कान झाकून घेतले.